वाटाण्याचा अंकुर : दादासाहेब फाळके यांचे विद्यार्थिपण

देवस्थानच्या महाजनांपुढे येणारे अर्ज बहुधा ठरलेल्या विषयांचे असतात. कोणाचे पालखीच्या मानावरून गाऱ्हाणे असते, कोणास अग्रशाळेतील खोली हवी असते, कोणी जीर्णोद्धाराचा हिशेब मागतो. मध्यंतरी मात्र एक निराळाच अर्ज आमच्याकडे सल्ल्यासाठी आला. महाविद्यालयात दृश्यमाध्यमांचे शिक्षण घेणाऱ्या, आपल्याच समाजातील चार मुलांनी जत्रेतल्या दशावतारी काल्यावर एक लघुपट करण्यासाठी परवानगी आणि थोडे द्रव्यसाहाय्य मागितले होते. अर्जासोबत संहिता जोडलेली नव्हती. आम्हांस काय सापडेल ते चित्रण करता करताच कळेल आणि ते करणे हाच आमचा अभ्यास आहे, अशा अर्थाचा मजकूर तेवढा होता. वडीलधाऱ्या मंडळींस हा उद्धटपणा वाटला. आधी पुरता अभ्यास करा, मग यंत्र हाती घ्या, हे त्यांचे म्हणणे. यंत्र हाती घेतल्यावाचून अभ्यास पुरता व्हावा कसा, हे मुलांचे.

दोन्ही पक्ष प्रामाणिक असले म्हणजे वकिलाने आवाज चढवू नये, दाखला शोधावा. आम्ही तसा तो शोधला, आणि तो सापडला भारतीय चित्रपटाच्या अगदी उगमाशी. धुंडिराज गोविंद फाळके यांस 'जनक' म्हणून हार घालण्याची आपणांस सवय झाली आहे. येथे आम्ही त्यांच्याकडे विद्यार्थी म्हणून पाहणार आहोत. मुलांच्या अर्जातील त्या वाक्यावर निकाल द्यायचा तर फाळक्यांनी आपली विद्या कशी मिळवली, हेच प्रथम तपासले पाहिजे.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील संस्कृतचे व्यासंगी. घरात पुराणांचा राबता होता आणि मुलाचा ओढा चित्रांकडे होता. १८८५ मध्ये त्यांनी मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत प्रवेश घेतला, आणि पुढे ते वडोदऱ्यास आले. वडोदऱ्याच्या मराठी मंडळींस कलाभवन ही वास्तू नवी नाही. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी १८९० मध्ये ही संस्था उभी केली. कापडाची रंगाई, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम हे विषय तेथे देशी भाषेतून शिकवावेत आणि हाताने करवून शिकवावेत, अशी गज्जरांची दृष्टी होती. स्वतः रसायनशास्त्रज्ञ असलेल्या या गृहस्थास प्रयोगशाळेबाहेरचे रसायन अर्धवट वाटत असे, असे त्यांच्या एकंदर कार्यावरून म्हणता येते.

अशा ठिकाणी फाळके चित्रकला शिकले, मूर्तींचे व इमारतींचे नमुने करावयास शिकले, छायाचित्रणाचा नाद त्यांना येथेच लागला. संस्थेची छायाचित्रणशाळा गज्जरांनी त्यांच्यासाठी मोकळी केली, आणि तीनरंगी ठसे करण्याची कला शिकावी म्हणून त्यांना रतलामलाही धाडले. १८९२ च्या अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांच्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीस सुवर्णपदक मिळाले. पुढची वीस वर्षे वरवर पाहता विस्कळीत दिसतात. गोध्र्यास छायाचित्रकाराचा धंदा, तेथल्या प्लेगात पत्नी व मूल यांचा अंत, एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखीचे शिक्षण, पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी, स्वदेशीच्या लाटेत त्या नोकरीचा राजीनामा, लोणावळ्याचा छापखाना, जर्मनीचा प्रवास, आणि अखेर भागीदारांशी बेबनाव. व्यवहारी माणूस या यादीस धरसोड म्हणेल. परंतु चित्रकाराची नजर, छायाचित्रकाराची अंधारखोली, जादूगाराची युक्ती आणि मुद्रकाचे यंत्रज्ञान या चारही गोष्टी ज्या एका कलेस लागतात, ती कला अद्याप त्यांच्यापुढे यावयाची होती.

ती आली गिरगावात. अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस या तंबूवजा चित्रगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा मूकपट पाहिला. हा प्रसंग १९१० च्या नाताळातला की १९११ च्या ईस्टरचा, याबद्दल लेखकांत एकवाक्यता नाही. त्याने प्रसंगाच्या अर्थात फरक पडत नाही. पडद्यावर ख्रिस्त हिंडत होता आणि फाळक्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम-कृष्ण आणि गोकुळ-अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. पुष्कळांच्या आयुष्यात असा क्षण येतो आणि दुसऱ्या दिवशी विरतो. फाळक्यांचा विरला नाही, कारण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्याचे रूपांतर कामात केले.

प्रथम त्यांनी पाहण्याचेच काम केले. मुंबईत लागेल तो चित्रपट ते पाहत. चार-चार, पाच-पाच तास पाहत, आणि उरलेला वेळ कॅटलॉग, पुस्तके व प्रयोग यांत घालवत. एक लहानसे यंत्र व फितीचे तुकडे त्यांनी मिळवले, आणि मेणबत्तीच्या उजेडात भिंगातून ती चित्रे घराच्या भिंतीवर पाडून ते निरखू लागले. झोप कमी, चिंता पुष्कळ. परिणामी डोळे बिघडले आणि काही काळ दृष्टीच अंधारली. वैद्यकीय उपचारांनी व चष्म्यांच्या साहाय्याने ती परत आली, हे आपले नशीब. ज्या विद्येचा सारा व्यवहार डोळ्यांशी, तिच्यापायी डोळेच पणास लागले. जो म्हणतो की करून पाहणे हा अभ्यास टाळण्याचा सोपा मार्ग आहे, त्याने या वर्षाचा विचार करावा.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हिंदुस्थानात हलती चित्रे आणणारे वा काढणारे फाळके हे काही पहिले नव्हेत. लुमिएर बंधूंचा खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी झाला होता. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ मध्ये मुंबईतील एका कुस्तीचे चित्रण केले होते. रामचंद्र गोपाळ तथा दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'च्या सुमारे वर्षभर आधी, गिरगावात प्रदर्शित झाला. मात्र 'पुंडलिक' हे मुळात रंगभूमीवरील नाटक होते. ते टिपणारा यंत्रचालक इंग्रज होता आणि फीत धुण्यासाठी विलायतेस पाठवावी लागली होती. तोरण्यांचे श्रेय आम्ही हिरावून घेऊ इच्छीत नाही. पण ज्ञानाच्या दृष्टीने पाहता त्या प्रयोगात शिकण्याजोगा बराच भाग इंग्रज यंत्रचालकाच्या हाती आणि लंडनच्या अंधारखोलीत राहिला. फाळक्यांचा हट्ट असा की कच्च्या फितीपासून पडद्यापर्यंतची प्रत्येक पायरी आपल्या हातांखालून गेली पाहिजे. हा हट्ट अहंकाराचा नव्हे. जी पायरी आपण ओलांडली नाही तिच्याविषयी आपणांस काही ठाऊक नाही, एवढाच त्याचा अर्थ.

त्यासाठी आपल्या विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. ओळख कोणाचीच नव्हती. 'बायोस्कोप' या साप्ताहिकाचे ते वाचक होते, तेवढ्या आधारावर ते थेट त्याच्या कचेरीत शिरले. संपादक कॅबर्न यांनी प्रथम त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. हा धंदा विलायतेतही अनेकांस बुडवतो, हिंदुस्थानच्या हवेत तर त्याचे कसे व्हायचे, असा त्यांचा सूर होता. पण समोरचा माणूस हटत नाही हे पाहून त्यांनीच यंत्राची निवड करून दिली आणि वॉल्टन येथील निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थांनी आपल्या कारखान्याचे सर्व विभाग या परक्या माणसास दाखवले. विल्यमसनचा कॅमेरा, फितीस भोके पाडण्याचे यंत्र आणि कच्च्या फितीची मागणी, एवढे पदरी पाडून फाळके काही आठवड्यांतच परतले.

आता शीर्षकातील वाटाण्याकडे येऊ. परतल्यावर फाळक्यांनी लगोलग 'हरिश्चंद्र' काढावयास घेतला नाही. भांडवल नव्हते, आणि भांडवलदाराने विश्वास का ठेवावा, याचे उत्तरही नव्हते. उत्तर म्हणून त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा पक्का बसवला, आणि ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत महिनाभर त्या रोपाची वाढ टिपली. पडद्यावर दाण्यातून कोंब फुटला, वर आला, वेल होऊन पसरला. 'अंकुराची वाढ' या नावाने ही चिमुकली फीत ओळखली जाते.

रोज एक चित्र घेतले, असे पुष्कळ लेखक लिहून जातात. त्यांनी अंगठ्याने हिशेब करून पाहावा. त्या काळी सेकंदास सुमारे सोळा चित्रे पडद्यावरून सरकत. दिवसास एक या दराने महिन्याची तीस चित्रे म्हणजे जेमतेम दोन सेकंदांचा खेळ. फीत मिनिटभराची होती असे धरले, तर साडेनऊशेंवर चित्रे लागतात. महिन्याच्या हिशेबाने ती रोज तिसाहून अधिक होतात. म्हणजे दिवसभर दर काही मिनिटांनी कोणीतरी त्या यंत्रापाशी जाऊन दांडा फिरवला पाहिजे. उजेड बदलणार, कुंडीस पाणी घालावे लागणार, पाणी घालताना कुंडी तसूभरही हलता कामा नये. कॅमेऱ्याची स्थिरता, उजेडाचा अंदाज, फीत धुण्याचे रसायन आणि उष्ण हवेत कच्ची फीत टिकते की नाही, या साऱ्यांची परीक्षा त्या एका कुंडीने घेतली. कॅबर्न यांच्या शंकेस लंडनच्या कचेरीत उत्तर देणे शक्य नव्हते. ते दादरच्या घरात, वाटाण्याच्या वेलाने दिले.

आणि मुख्य म्हणजे ते उत्तर दुसऱ्यास दाखवता आले. घरगुती खेळ करून फाळक्यांनी ती फीत भांडवल देऊ शकणाऱ्या मंडळींपुढे ठेवली. छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी नाडकर्णी यांनी तारणावर कर्ज देण्याचे मान्य केले. न्यायालयात आम्ही ज्यास पुरावा म्हणतो तो हाच. वक्तृत्वाने जे सिद्ध होत नव्हते ते वस्तू समोर ठेवताच सिद्ध झाले. आजकाल विद्यापीठांत 'कृतिनिष्ठ संशोधन' असा शब्दप्रयोग रूढ होऊ लागला आहे. कलावस्तू घडवण्याची क्रिया हीच शोधाची पद्धत मानावी, आणि ती वस्तू व तिच्या घडणीचे टिपण मिळून प्रबंध समजावा, असा त्याचा आशय. शब्द नवा आहे. गोष्ट त्या कुंडीत १९१२ सालीच पेरली गेली होती.

पुढचा इतिहास बहुतेकांस ठाऊक आहे, म्हणून त्यातील एकाच व्यक्तीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो. ती म्हणजे फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. त्या वेळी कच्ची फीत भोके न पाडलेली येत असे. ती अंधारात, यंत्राशी बसून, हाताच्या अंदाजाने पाडावी लागे. हे काम सरस्वतीबाई करीत. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३,७०० फूट होती. फुटास सोळा चित्रे आणि दर चित्रास दोन्ही कडांना चार-चार भोके, या हिशेबाने केवळ एका प्रतीस पावणेपाच लाखांच्या आसपास भोके होतात. यांतले एक चुकले तरी पडद्यावरचे चित्र उडी मारते. शिवाय फीत धुणे, कामावरच्या साठ-सत्तर माणसांस जेवू घालणे आणि प्रसंगी अंगावरचे दागिने उतरवून देणे, हेही त्यांच्याच वाट्यास आले. चित्रपटाच्या जाहिरातीत त्यांचे नाव नव्हते. हाताला जे कळले ते हातातच राहिले. मागे टिपण राहिले नाही.

पात्रांच्या निवडीतही करून पाहणेच उपयोगी पडले. तारामतीसाठी स्त्री मिळेना. प्रतिष्ठित घरांची गोष्ट सोडाच, जिला समाजात प्रतिष्ठा नव्हती तीही तयार होईना. शेवटी एका उपाहारगृहातील नोकर अण्णा साळुंके यास ती भूमिका देण्यात आली. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके, आणि रोहिदासाचे काम फाळक्यांच्या मुलाने, भालचंद्राने केले. २१ एप्रिल १९१३ रोजी निमंत्रितांसाठी आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात जनतेसाठी हा चित्रपट दाखवला गेला. आमच्या जत्रांतून पुरुषाने स्त्रीपात्र रंगवणे ही नित्याची गोष्ट. परंतु दिवट्यांच्या उजेडात दुरून जे सहज खपते ते कॅमेऱ्याच्या भिंगाजवळ खपेलच असे नाही, हा धडा पहिल्याच चित्रपटाने दिला असला पाहिजे. कारण लगेच पुढच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये फाळक्यांनी दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या दोघींस पडद्यावर आणले. त्या प्रश्नावर विद्वानांची परिषद भरवून असा निर्णय झाला नसता.

येथपर्यंतचा दाखला मुलांच्या बाजूचा झाला. आता वडीलधाऱ्यांच्या बाजूचा.

केवळ करीत राहणे म्हणजे संशोधन नव्हे. गवंडी आयुष्यभर भिंती बांधतो, पण प्रत्येक भिंतीगणिक त्यास नवा शोध लागतो असे नाही. करणारा जेव्हा स्वतःस प्रश्न विचारतो, उत्तर टिपून ठेवतो आणि ते इतरांच्या तपासणीस खुले करतो, तेव्हाच त्या करण्यास अभ्यासाची योग्यता येते. फाळक्यांस हे उमगले होते. १९१७ च्या सुमारास त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' नावाची एक छोटी फीत काढली. तीत ते स्वतः काम करताना दिसतात. त्याच सुमारास 'नवयुग' मासिकात लेख लिहून त्यांनी आपल्या धडपडीची हकीकत सांगितली. डोळ्यांची व्यथा, लंडनची कचेरी, घरची ओढाताण हे आज आपणांस ज्या खात्रीने सांगता येते ते या लेखांमुळे. करणाऱ्याने केलेले दाखवले आणि कसे केले तेही सांगितले, म्हणून आपण येथे त्याचा विचार करू शकतो.

जेथे असे टिपण वा जतन झाले नाही तेथे काय झाले? 'अंकुराची वाढ' आज आपणांस पाहावयास मिळत नाही. 'राजा हरिश्चंद्र'चा जो थोडा भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपला, तो १९१३ च्या मूळ चित्रपटाचा की १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या चित्रपटाचा, यावर जाणकारांत वाद आहे. सरस्वतीबाईंच्या हातचे ज्ञान तर त्यांच्याबरोबरच गेले. फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकास निवर्तले. त्यांच्या नावाचा सन्मान सरकारने १९६९ पासून सुरू केला. त्यांची अंधारखोली मात्र कोणास परत उभी करता आलेली नाही.

हा सारा विचार करून आम्ही समितीस जो सल्ला दिला तो येथे नमूद करतो. इतर देवस्थानांपुढेही आज ना उद्या हाच प्रश्न येणार आहे.

पहिली गोष्ट, संहितेचा आग्रह सोडावा. ज्या दशावतारी काल्यावर हा लघुपट व्हायचा त्या काल्यास तरी लिहिलेली संहिता कोठे असते? कथेचा सांगाडा ठरलेला, संवाद मात्र नट उभ्याने रचतो. वडिलांच्या मागे मुलगा उभा राहून ऐकतो, चुकतो, पुन्हा उभा राहतो, आणि एके वर्षी संकासुराचा मुखवटा त्याच्या डोक्यावर चढतो. जी कला आपल्या डोळ्यांदेखत करून शिकली गेली, तिच्या अभ्यासकांकडे आधी कागद मागणे विसंगत आहे.

दुसरी गोष्ट, मुलांनी आपला वाटाणा आधी पेरावा. सबंध लघुपटासाठी सारे द्रव्य एकदम देऊ नये. एकच प्रसंग घ्यावा, उदाहरणार्थ रंगपटात एका नटाची तोंड रंगवण्याची क्रिया. ती चार मिनिटांत टिपावी आणि महाजनांस व त्या नटासही दाखवावी. नटाने 'हे असे नव्हे' म्हटले तर ती नोंद चित्रणाइतकीच मोलाची मानावी. त्यानंतर पुढचा हप्ता.

तिसरी गोष्ट, रोजनिशी ठेवावी. काय करावयास गेलो, काय फसले, कोणी काय सांगितले, हे त्या त्या दिवशी लिहावे, आणि तिची एक प्रत देवस्थानच्या दप्तरी जमा करावी. त्या रोजनिशीत नुसती पडद्यावरची नावे नकोत. वेषभूषेच्या पेट्या वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या, पात्रांस जेवू घालणाऱ्या, दिवट्यांस तेल घालणाऱ्या माणसांचीही नावे हवीत. शंभर वर्षांनी कोणी लेख लिहावयास बसला, तर त्यास आमच्यासारखे भोकांचे गुणाकार करावे लागू नयेत.

चौथी गोष्ट मर्यादेची. गर्भागारात आणि ज्या विधीस परंपरेने पडदा असतो तेथे कॅमेरा जाणार नाही. मुलांनी ही अट एका शब्दाने मान्य केली, हे येथे सांगितले पाहिजे. पडदा केव्हा पडतो हेही चित्रात दाखवता येते, असे त्यांतील एक मुलगी म्हणाली. ते आम्हांस सुचले नव्हते.

समितीत एका वृद्ध महाजनांचा विरोध अखेरपर्यंत टिकला. त्यांना भीती होती ती निराळीच. काल्यात संकासुर करणारे आमच्या गावचे नट आता वार्धक्याने थकले आहेत, पोरांच्या प्रयोगांत त्यांचे एखादे वर्ष फुकट जाईल, असे ते म्हणाले. त्यावर आम्ही एवढेच उत्तर दिले, की ज्या वर्षी काहीच टिपले जात नाही तेच वर्ष फुकट जाते, आणि अशी वर्षे आपण पुष्कळ घालवली आहेत. ते काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "पहिला दिवस कोणता धरायचा?"

जत्रेस तेव्हा सात आठवडे होते. वाटाण्यास उगवावयास तेवढे पुरतात.